तेलात कालवलेलं कुंकू

आमच्या सानपाड्याच्या घराला रबराचा वास होता. तो बाबांच्या शर्टांतून यायचा, स्कूटरच्या डिकीतून यायचा, कारखान्यातून परत आलेल्या डब्यातून यायचा, आणि पुढे पुढे तर उशांतूनही यायला लागला. गरम रबर आणि गंधक यांचा मिळून जो एक जळकट, घशाला लागणारा वास असतो तो. आई गच्चीवर बोंबील वाळत घालायची तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन गोड शब्दांत तक्रार करून जायचे. आई त्यांना चहा पाजायची आणि ते गेल्यावर म्हणायची, "बोंबलाचा वास तरी कलतो कसला हाय तो. तुमच्या बापाचा वास कोनाला सांगायचा?" बाबा हसायचे. त्या काळात ते बऱ्यापैकी हसायचे.

बाबा सानपाडा गावातलेच. जमिनी गेल्या, त्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यात आमचा फ्लॅट होता. आई करावे गावची, खाडीवर जाणाऱ्या घरातली. मावश्या आल्या की पिशवीतून चिंबोऱ्या, कधी खाडीच्या चिखलातल्या निवट्या यायच्या आणि स्वयंपाकघरात तिघीचौघी एकदम बोलायला लागायच्या. बाबा तरुणपणी एका रबर कंपनीत प्रेसवर कामाला होते. नंतर त्यांनी पावण्याच्या एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला, दोन हायड्रॉलिक प्रेस बसवले आणि माउंट बनवायला लागले.

माउंट म्हणजे लोखंडाच्या दोन जाड प्लेटा आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. दिसायला त्यात काही नाही. पण हे माउंट नौदलाच्या विनाशिकांवर जायचे, क्षेपणास्त्रं डागणारी ती मोठी जहाजं असतात ना, त्यांच्यातल्या यंत्रांच्या पायाखाली. बाबा पाहुण्यांना समजावून सांगायचे की जहाजाजवळ पाण्याखाली स्फोट झाला तर जहाज फुटेलच असं नाही, पण त्याचं पोलाद असं काही उसळतं की आतलं सगळं उखडून पडतं. रडार चालवणारी कपाटं, क्षेपणास्त्रं सोडायची यंत्रणा, वीज बनवणारी जनरेटरं, सगळं. म्हणून जहाज आखणारे लोक तो दणका आधीच गृहीत धरतात. "जहाजातली कामाची एकपन मशीन जहाजाला टेकलेली नसते," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. ते झालं की ते जेवणाच्या टेबलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे आणि बाजूला मूठ आपटायचे. पाणी सांडायचं. मग पेल्याखाली मऊ रबराचा तुकडा ठेवून पुन्हा मूठ आपटायचे. पाणी तरीही थोडं सांडायचंच, कारण पेला फार हलका होता, पण पाहुणे माना डोलवायचे आणि आई फडकं घेऊन तयारच असायची.

नवीन जहाजांची कामं मोठ्या कंपन्यांकडे जायची. बाबांकडे यायचे ते सुटे भाग. जहाज माणसाच्या नोकरीइतकं जगतं, रबर त्याच्या निम्मंही जगत नाही. ते वाळतं, चिरतं, बदलावं लागतं. पण ज्या परदेशी कंपनीने मूळ माउंट बनवला ती कधीच बंद पडलेली असायची आणि ड्रॉइंगवरची भाषा कुणाला येत नसायची. मग जहाजावरून काढलेला एक जुना माउंट आमच्याकडे यायचा. बाबा तो मधोमध कापायचे आणि कापलेला भाग कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरायचे, भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, अंगठ्याने दाबून बघायचे. मीही रबराचाच डिप्लोमा केला. दुसरं काही करायचा विचार माझ्या मनात आला नव्हता. शिक्षण संपल्यावर मी बाबांच्या गाळ्यात तपासणीचं काम बघायला लागले आणि बाबा लोकांना सांगायला लागले की आता आमच्याकडे लॅब आहे. लॅब म्हणजे पंखा नसलेली एक खोली आणि माउंट ताणून तोडायचं एक मशीन.

दादा नौदलात होता. खलाशी म्हणून भरती झाला आणि पुढे एका विनाशिकेवरच त्याची नेमणूक झाली. त्याला सुटी मिळाली की घर उजळायचं. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत बसायची आणि बाबा त्याला प्रश्न विचारून हैराण करायचे. निम्म्या प्रश्नांना दादा हसून म्हणायचा, "ते नाय सांगायचं, बाबा." सांगता येण्यासारखं जे होतं ते मात्र तो रंगवून सांगायचा. जहाजाच्या भिंती सरळ नसतात, तिरक्या उतरवलेल्या असतात, म्हणजे शत्रूच्या रडारची लाट त्यांच्यावर आपटून भलतीकडे निसटते. क्षेपणास्त्रं डेकच्या खाली खोक्यांत उभी ठेवलेली असतात आणि सुटताना सरळ वर जातात, तेव्हा छातीतलं हाड न् हाड वाजतं. आणि एकदा, सहज, जेवता जेवता त्याने सांगितलं की त्याच्या झोपायच्या जागेला लागून एक पातळ भिंत आहे आणि भिंतीच्या पलीकडे माणसापेक्षा उंच एक यंत्राचं कपाट आहे. रात्रभर ते गुणगुणतं. तो म्हणाला, "बाबांच्या रबरावर बसलंय म्हणून बरं, नायतर माझ्याच उशीवर येऊन बसेल." बाबा एवढे खूश झाले की त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने माशाची आणखी एक तुकडी वाढली. आई त्या पातळ भिंतीचा विचार करत होती हे मला तिच्या हाताकडे बघून कळत होतं. तिने तीच भाकरी पुन्हा पुन्हा उलटली.

कारखान्यात एका गोष्टीची कडक शिस्त होती. प्लेटांना उघडा हात लावायचा नाही. रबर लोखंडाला असंच चिकटत नाही. आधी प्लेट धुवायची, मग वाळूच्या माऱ्याने खरवडायची, मग तिच्यावर चिकट द्रावणाचे दोन हात द्यायचे, एक राखाडी, एक काळा. अशा तयार प्लेटा मागच्या बंद खोलीत मांडणीवर ठेवायच्या आणि पांढरे हातमोजे घालूनच उचलायच्या. बोटाचा घाम लागला तरी जोड कच्चा होतो, आणि तेल लागलं तर विचारूच नका. त्या खोलीत काम करणाऱ्यांना बाबा डब्यात लोणचं आणू देत नसत. ते स्वतः खोलीत शिरताना हात पाठीमागे बांधायचे. सवयच झाली होती त्यांना. लग्नकार्यातही ते तसेच उभे राहायचे.

त्या वर्षी एक तातडीची ऑर्डर आली. कुठल्या जहाजासाठी ते आम्हाला कुणी सांगत नसे आणि विचारायचंही नसे. पण दादाचं जहाज तेव्हा दुरुस्तीसाठी गोदीत होतं, नमुन्याला आलेला जुना माउंट त्याच जातीच्या जहाजाचा होता, आणि बाबांनी दोन अधिक दोन केलं. टीव्हीवर त्या दिवसांत रोज समुद्राचा नकाशा दिसायचा आणि त्यावर लाल बाण. दादाचे फोन कमी झाले होते. आला तरी तो हवापाण्याचं बोलायचा. आई देवापुढे जास्त वेळ बसायला लागली, आणि बाबा कारखान्यात.

प्लेटा खरवडून, दोन्ही हात देऊन, मांडणीवर लागल्या आणि दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला प्रेस बंद. सकाळी मशीन पुसायची, झेंडूची तोरणं बांधायची, पूजा करायची, कामगारांना पेढे आणि कपडा द्यायचा. आई वर्षातून त्या एकाच दिवशी कारखान्यात यायची, काठाची साडी नेसून, ताट घेऊन. पूजा झाली. बाबा गावातल्या मोठ्या माणसांना सोनं द्यायला निघून गेले. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर निघाले होते तेव्हा आईने मला थांबवलं आणि विचारलं, "दादाच्या बोटीत जानारा माल कोनता, गो?" मी मागच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं. आत बोट दाखवून म्हटलं, हा बघ. हात नको लावू, असं म्हटलं का मी? मी अनेक वेळा आठवून पाहिलंय. म्हटलं असं मला वाटतं. खात्री देता येत नाही. ती दारातूनच हात जोडेल अशी माझी समजूत होती, आणि बाहेर सगळे पेढ्यांची वाट बघत होते.

करावे गावात होडीला टिळा लावायचा तो साध्या कुंकवाचा नाही. पाण्याने तो धुऊन जातो. म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवायचं आणि अंगठ्याने दाबून लावायचं, म्हणजे समुद्रातून होडी परत येईपर्यंत टिळा टिकतो. आईने आपल्या माहेरी जन्मभर हेच पाहिलं होतं. तिच्या ताटात त्या दिवशी वाटीत कालवलेलं कुंकू होतं. ती खोलीत गेली आणि मांडणीवरच्या एकेका प्लेटेला तिने अंगठ्याने टिळा लावला. घाई केली नाही. वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोचला नाही, म्हणून तेवढ्या प्लेटा राहिल्या. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका दिसत होता. घरी जाताना रिक्षात ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खोली उघडली. मी त्यांच्या मागेच होते. काळ्या प्लेटांवर लाल टिळे, ओळीने, एकाच उंचीवर, आणि प्रत्येक टिळ्याभोवती तेल पसरून झालेलं एक कडं. बाबांचे हात नेहमीप्रमाणे पाठीमागे होते. मला वाटलं ओरडतील. ते वळले, दार आतून लावलं आणि हळू विचारलं, "आईला कोन काय बोललं?" मी म्हटलं, कुणीच नाही. ते म्हणाले, "बोलायचं पन नाय."

सगळ्या प्लेटा पुन्हा खरवडून पुन्हा द्रावण देणं, हे खरं काम. त्याला दिवस लागले असते, तारीख चुकली असती, आणि उशीर का झाला हे घरीदारी सांगावं लागलं असतं. बाबांना तारखेची भीती होती, नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती त्यांनी मला त्या बंद खोलीत सांगितली. दादा त्या जहाजावर होता. त्याला उद्या काही झालं असतं, कशानेही झालं असतं, तरी आई जन्मभर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली असती. तिला हे कधी कळता कामा नये. त्यांनी मला आईची शपथ घातली. मी घेतली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने थिनरने टिळे पुसले, पुसल्या जागी ब्रशने पुन्हा काळा हात फिरवला आणि प्रेस चालू केले.

पहिले माउंट निघाल्यावर मी त्यातला एक मशीनवर ताणला. मागितलेला भार त्याने पेलला. मी ताणत गेले आणि शेवटी तो तुटला. जोड चांगला असेल तर रबर फाटतं पण लोखंड सोडत नाही. दोन्ही प्लेटांवर फाटक्या रबराचा थर राहतो. इथेही तसाच थर होता. फक्त एका जागी, अंगठ्याएवढ्या गोलात, प्लेट स्वच्छ होती. चकचकीत. तिथे काही चिकटलंच नव्हतं. मी आणखी एक तोडला, त्यातही तेच. बाबांनी ते तुकडे उजेडात धरले आणि म्हणाले, "भार पास झाला ना?" मी म्हटलं, आज झाला. खारी हवा, इंजिनाची थरथर, वर्षानुवर्षांचा भार, ती चकचकीत जागा वाढत जाणार आणि एक दिवस कपाट उभं आहे ते नुसतं सवयीने उभं असेल. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते म्हणाले, "भार पास झाला."

पुढचे काही दिवस घरात काय वातावरण होतं ते मला शब्दांत नीट पकडता येत नाही. आई आनंदात होती. नवरात्र संपलं म्हणून तिने कोलंबीचं कालवण केलं, दादाचा फोन आला तेव्हा त्याला हसत सांगितलं की तुझ्या बोटीची राखन मी करून ठेवली हाय. कसली राखण ते तिने सांगितलं नाही, आणि दादानेही विचारलं नाही. बाबा पानातली मिरची बाजूला काढत बसले होते. मी जेवणावरून उठले. मला त्या पातळ भिंतीपलीकडची गुणगुण ऐकू यायची, आमच्या फ्रिजमधून, वरच्या मजल्यावरच्या पंख्यातून. आजही एखाद्या शांत खोलीत मशीनची बारीक गुणगुण सुरू झाली की मी जागा बदलते. ऑफिसात लोकांना वाटतं मला एसी सोसत नाही.

तपासणीला नौदलाकडून वर्तक साहेब आले. दर वेळी तेच यायचे. लॉटमधले कुठलेही चार माउंट निवडायचे, मशीनवर तोडायचे, भार लिहून घ्यायचे आणि फाटलेले तुकडे भिंगाखाली बघायचे, ही त्यांची पद्धत. भारावर ते कधीच समाधान मानत नसत. बाबांना हे माहीत होतं. म्हणून वरच्या फळीवरच्या, टिळा न लागलेल्या प्लेटांचे माउंट त्यांनी निळ्या क्रेटमध्ये भरून मशीनजवळ ठेवले आणि बाकीचे सगळे हिरव्या क्रेटांत, भिंतीला लागून. आदल्या संध्याकाळी मला ते समजावून सांगितलं. साहेबांचे गुडघे दुखतात, ते वाकत नाहीत, नेहमी तुलाच द्यायला सांगतात. तू निळ्यातले दे.

तसंच झालं. साहेबांनी चहा घेतला, दसऱ्याचा उरलेला पेढा घेतला, आईची चौकशी केली. मुलगा काय म्हणतो विचारलं. बाबांनी सांगितलं, बरा आहे. मग साहेब स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "आण गं, कुठलेही चार."

मी लोकांना आणि स्वतःलाही पुष्कळ वर्षं असं सांगितलं असतं, जर कुणी विचारलं असतं तर, की त्या क्षणी मला दादा आठवला. जहाज आठवलं, त्याच्यावरची शेकडो पोरं आठवली. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. त्या क्षणी मला बाबांचा राग आला होता. आईला वाचवायचं म्हणून त्यांनी मला त्यांच्या बाजूला ओढून घेतलं होतं, न विचारता. माझ्या हाताने ते काम करवून घेणार होते. मी निळ्या क्रेटवरून पुढे गेले, भिंतीपाशी वाकले आणि हिरव्यातले चार उचलून आणले. बाबा माझ्या मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. चारही माउंट मशीनवर लावले, तोडले आणि तुकडे साहेबांसमोर ठेवले. भिंग लावायची गरज पडली नाही.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी तुकडे ओळीने मांडले आणि चारही ठिकाणी एकाच जागी तसाच गोल बघून बाबांना विचारलं, "हे काय आहे?" बाबा म्हणाले, "रबराची बॅच खराब आली, साहेब. माझं लक्ष राहिलं नाही." मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मला घातलेली शपथ त्या नजरेत होती. मी तोंड मिटलं.

लॉट नापास झाला. पुढे नौदलाच्या पुरवठादारांतून आमचं नाव गेलं. प्रेस विकले. गाळा एका कुरिअरवाल्याला भाड्याने दिला आणि बाबा घरी बसले. भाडं येत होतं, पोटाची काळजी नव्हती. पण आईने ते कधी सोडलं नाही. मावश्यांसमोर, सोसायटीच्या हळदीकुंकवात, एकदा तर माझ्या सासरच्या लोकांसमोर ती म्हणाली, "सोताच्या पोराच्या बोटीला सडका रबर देत होता हा मानूस. माझा टिला होता म्हनून देवान वाचवला." बाबा बसलेले असायचे. वर्तमानपत्राचं पान उलटायचे. एकदा मी स्वयंपाकघरात त्यांना म्हटलं की आता तरी सांगू या. दादा सुखरूप आहे, कुणाला काही झालं नाही. ते म्हणाले, "तिला वाटतं तिच्या टिळ्याने लॉट पकडला गेला. वाटू दे की." त्यात ते थोडं हसल्यासारखे वाटले मला, पण माझी खात्री नाही.

दादाच्या बाबतीत मात्र ते कठीण गेलं. त्याने जहाजावर मित्रांना अभिमानाने सांगितलं होतं की आमच्या पायाखालची रबरं माझ्या बापाची. नंतर त्याने ते सांगणं बंद केलं. सुटीत आला तेव्हा त्याने एकदाच बाबांना विचारलं, बॅच खराब आहे हे बघायचं नाही का माणसाने. बाबा म्हणाले, राहिलं. मग दादाची बदली विशाखापट्टणमला झाली, लग्नही तिकडचंच केलं आणि येणं वर्षाचं दोन वर्षांवर गेलं. बाबा गेले तेव्हा तो विमानाने आला, अस्थिविसर्जनापर्यंतचं सगळं रीतसर केलं आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. त्या तीन दिवसांत मी त्याच्यासमोर चार वेळा तरी बसले असेन. आई आतल्या खोलीत होती. शपथ तिची होती.

आई गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. दादा निवृत्त होऊन उलव्याला राहायला आलाय, विमानतळाच्या बाजूला, चौदाव्या मजल्यावर. आईचं वर्षश्राद्ध आटोपल्यावर मी त्याच्याकडे गेले आणि दुपारी बाल्कनीत बसून त्याला हे सगळं सांगितलं, इथे लिहिलं त्याच क्रमाने. मला बाबांचं नाव साफ करायचं होतं. रबर चांगलं होतं, बाबा बेफिकीर नव्हते, त्यांनी आईसाठी सगळं अंगावर घेतलं, हे मी मनात इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की सांगताना अडखळले नाही. कुंकवाची वाटी आली तेव्हा दादा हसला आणि त्याचे डोळे भरले. "आई पण ना," म्हणाला. विमान गेलं, आम्ही थांबलो, मी पुढे सांगत राहिले.

मी संपवल्यावर त्याने कामावर विचारतात तशा आवाजात विचारलं, "टिळे लागलेत हे बाबांना प्रेस करायच्या आधी कळलं होतं की नंतर?"

"आधी."

"आणि तू तोडून दाखवलंस, ते त्यांनी बघितलं."

"हो. पण भार पास होत होता, दादा."

त्याने माझ्याकडे बघितलं. बाबांचं वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं ते मलाही कळलं नाही.

"म्हणजे ते पाठवणार होते," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं त्यांना बेफिकीर समजत होतो, बाय. तेवढंच समजत होतो."

आतून वहिनीने चहाला हाक मारली, त्याने आलो म्हटलं आणि उठला नाही. खाली रस्त्यावर डंपर जात होते, एकामागून एक. मग तो जरा पुढे झुकला आणि त्याचा आवाज बदलला. लहानपणी बाबांकडे काही मागायचं असलं की मला मध्ये घालायचा, तसा झाला.

"तू हिरव्या क्रेटकडे गेलीस तेव्हा ते कुठे होते?"

"माझ्या मागे. हाताच्या अंतरावर."

"त्यांना दिसलं असेल तू कुठे चाललीस ते."

"दिसलं असणारच."

"थांबवू शकले असते. 'हे घे गं' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. साहेबांना काही कळलं नसतं."

"हो."

"मग नाही बोलले ते. मुद्दाम नाही बोलले ना?"

तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला. एक होकार पुरला असता. तेवढ्यावर त्याने बाबांना पुन्हा जवळ घेतलं असतं, आणि कदाचित मलाही झोप लागली असती. मला तपासणीच्या त्या दिवसाची माझ्या मागची शांतता आजही जशीच्या तशी ऐकू येते, तिच्यात काय होतं हे मी इतकी वर्षं शोधतेय, आणि मी त्यांच्याकडे वळून बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, दादा."